पाहुणे येतील, पण बोलणार काय? प्राचार्यांना एक खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे प्राचार्य आणि पदवीप्रदान समारंभ समितीचे सदस्य

सर, मॅडम,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र मार्गी लागलं की विद्यापीठाचं परिपत्रक येतं, पाठोपाठ समितीची बैठक लागते आणि चहा यायच्या आत पहिला प्रश्न निघतो : ‘पाहुणे कोण?’ मग नावं येतात. साहेबांना विचारू, संस्थेच्या अध्यक्षांचे त्यांच्याशी संबंध आहेत, गेल्या वर्षी शेजारच्यांनी अमुक अभिनेत्याला आणलं होतं. हे पाहुणे येऊन मुलांशी काय बोलणार, हे मात्र त्या बैठकीत कुणी विचारत नाही. मी अशा बैठकांना सव्वीस वर्षं बसले आहे आणि मीही विचारलं नाही. मराठी शिकवत होते, त्यामुळे सूत्रसंचालन ओघानंच माझ्याकडे यायचं. (मराठीच्या बाईंकडे माईक आणि फलकावरचा सुविचार, ही वाटणी बहुधा सगळीकडे सारखीच असावी.) आता निवृत्त झाले आहे. गोपनीय अहवाल कुणाच्या हातात नाही, तेव्हा मोकळेपणानं लिहिते.

एका वर्षीचं सांगते. महाविद्यालयाचं नाव लिहीत नाही, पाहुण्यांचंही नाही. ते दोघेही इतरांपेक्षा काही वेगळे नव्हते.

वेळ अकराची होती. गाड्यांचा ताफा आला सव्वाला. मार्च महिना, पत्र्याचं सभागृह, भाड्यानं आणलेले काळे गाऊन. मुलं कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेत होती आणि मी ‘पाहुणे थोड्याच वेळात आपल्यात पोहोचत आहेत’ हे वाक्य दर वीस मिनिटांनी नव्या शब्दांत म्हणत होते. पाहुण्यांच्या स्वीय सहायकांनी पाठवलेला परिचय साडेतीन पानांचा होता, त्यातली पदं आणि समित्या वाचताना मला मध्येच पाणी प्यावं लागलं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह, पुन्हा फोटो. भाषण सात मिनिटांचं झालं. त्यात आमच्या महाविद्यालयाऐवजी शेजारच्या तालुक्यातल्या महाविद्यालयाचं नाव दोनदा आलं. मग गुणवत्ता यादीतल्या अकरा जणांना पाहुण्यांच्या हस्ते पदव्या दिल्या आणि ताफा पुढच्या उद्घाटनाला निघाला.

उरले दोनशे ऐंशी विद्यार्थी. माझ्या हातात चिठ्ठी आली : ‘बाकीच्यांनी ऑफिसच्या खिडकीतून सही करून घेऊन जावे.’ मी ती वाचून दाखवली.

व्यासपीठावरून उतरले तर पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ पुढे आले. पहाटेच्या एसटीनं आले होते, सोबत बायको आणि धाकटा मुलगा. त्यांनी विचारलं, “बाई, आमच्या पोरीचं नाव कवा पुकारनार?” मी खिडकीकडे बोट दाखवलं. माईक तेव्हा चालू होता आणि यादी माझ्या हातातच होती. एवढी नावं वाचायला फार तर पाऊण तास लागला असता. मी वाचली नाहीत. माईकवाला वायर गुंडाळायला लागला आणि मी जेवायला गेले.

या पत्राचं मूळ तिथं आहे. दोष तुमच्या एकट्यांचा नाही, चिठ्ठी वाचणारी मीही होतेच.

आपण निमंत्रणपत्रिकेवर ‘सत्यं वद, धर्मं चर’ छापतो. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीतलं हे वचन. शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य जे सांगतात, त्याची ती सुरुवात. म्हणजे आपल्याकडचं सगळ्यात जुनं दीक्षान्त भाषण तेच. पण छापणारे पहिल्या ओळीवर थांबतात. जरा पुढे आचार्य म्हणतात, ‘यान्यस्माकं सुचरितानि, तानि त्वयोपास्यानि, नो इतराणि.’ आमचं जे चांगलं असेल तेवढंच घे, बाकीचं घेऊ नको. आमच्यातही ‘बाकीचं’ आहे, हे गुरू निरोपाच्या दिवशी शिष्यासमोर कबूल करतो. सव्वीस वर्षांत मी ऐकलेल्या पाहुण्यांपैकी असं म्हणणारा एकच निघाला. त्याच्याकडे नंतर येते.

मोठ्या माणसांना बोलावूच नका, असं माझं म्हणणं नाही. मोठ्या माणसांनी पदवीदानाच्या मंडपातून इतिहासाला वळण दिलं आहे. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल ५ जून १९४७ रोजी हार्वर्डच्या पदवीदानाला सन्माननीय पदवी घ्यायला गेले आणि तिथं केलेल्या छोट्याशा भाषणात त्यांनी युद्धानं मोडून पडलेल्या युरोपाला उभं करायची कल्पना मांडली. पुढे ‘मार्शल योजना’ म्हणून सुमारे १३ अब्ज डॉलर युरोपात गेले ते त्यातूनच. १० जून १९६३ ला अध्यक्ष केनेडी वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीत शांततेवर बोलले. अणुचाचण्यांवर बंदी घालण्यासाठी मॉस्कोत बोलणी होणार असल्याचं त्यांनी तिथंच जाहीर केलं आणि ५ ऑगस्टला करारावर सह्याही झाल्या. दोघांकडेही त्या दिवशी सांगण्यासारखं काहीतरी होतं. पद होतंच, पण नुसतं पद घेऊन ते आले नव्हते.

आपल्याकडचं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. फाळणीला चार महिनेही झाले नव्हते तेव्हा, १३ डिसेंबर १९४७ ला, पंडित नेहरू अलाहाबाद विद्यापीठाच्या पदवीदानात बोलले. विद्यापीठ म्हणजे मानवता, सहिष्णुता, विवेक आणि सत्याचा शोध, या अर्थाचं त्यांचं वाक्य पुढे इतक्या ठिकाणी कोरलं गेलं, की ते कोणत्या दिवसांत उच्चारलं गेलं होतं हेच आपण विसरलो. बाहेर माणसं एकमेकांना कापत असताना त्यांनी ‘सहिष्णुता’ हा शब्द वापरला होता. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २४ जानेवारी १९४८ ला, ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गेले. भारताच्या प्राचीन वारशाचा मला अभिमान आहे, तो वारसा तुमचाही आहे असं तुम्हाला वाटतं का, असं त्यांनी समोर बसलेल्या मुलांना थेट विचारलं. त्या महिन्यात, त्या सभागृहात तो प्रश्न विचारायला छाती लागते. सहा दिवसांनी दिल्लीत गांधीजींचा खून झाला.

आता आपल्या मंडपातलं नेहमीचं भाषण आठवून पाहा. ‘आजचा तरुण हा उद्याचा भारत आहे.’ हे वाक्य नागपुरात चालतं, कणकवलीत चालतं, पदवीदानात चालतं आणि दहीहंडीतही चालतं. ज्या वर्षी गारपिटीनं आमच्या मुलांच्या घरची द्राक्षं झोपली, त्याही वर्षी हेच वाक्य आलं होतं.

भाषेचंही एक सांगते. कलकत्ता विद्यापीठ १८५७ सालचं, आपल्या मुंबई विद्यापीठाच्याच वयाचं. तिथं दीक्षान्त भाषण बंगालीतून व्हायला १९३७ साल उजाडावं लागलं. कुलगुरू श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी रवींद्रनाथ ठाकुरांना बोलावलं आणि रवींद्रनाथ बंगालीत बोलले. त्याच विद्यापीठाच्या समारंभात पाच वर्षांपूर्वी, ६ फेब्रुवारी १९३२ ला, पदवी घ्यायला आलेल्या बीना दास या मुलीनं भाषण करत असलेल्या गव्हर्नर स्टॅन्ली जॅक्सन यांच्यावर पिस्तुलातून गोळ्या झाडल्या होत्या. ते वाचले आणि तिला नऊ वर्षांची सक्तमजुरी झाली. व्यासपीठ आणि समोरच्या खुर्च्या यांच्यातलं अंतर तेव्हा एवढं होतं. रवींद्रनाथांनी ते अंतर निदान भाषेपुरतं तरी ओलांडलं. आमच्या तालुक्यात, वर्षभर मराठीत शिकलेल्या बी.ए.च्या मुलांसमोर, पाहुणे अजूनही पहिली पाच मिनिटं अडखळत इंग्रजीत का बोलतात, हे मला कधी उमगलं नाही.

रवींद्रनाथांनी स्वतः शिकून एकही पदवी मिळवली नव्हती. कलकत्ता विद्यापीठानं दिलेली डी.लिट. ही सन्मानाची. १२ जून २००५ ला स्टॅनफर्डमध्ये बोललेले स्टीव्ह जॉब्ज यांचंही तसंच, त्यांनी कॉलेज अर्ध्यात सोडलेलं. ते लिहून आणलेलं भाषण पंधरा मिनिटांचं आहे. त्यात कॉलेज सोडल्याची, स्वतःच्याच कंपनीतून काढून टाकलं गेल्याची आणि कर्करोगाची, अशा तीन गोष्टी आहेत. आपल्या मुलांना ते भाषण मोबाइलवर पाठ असतं. आदल्या वर्षी आपल्याच सभागृहात कोण बोललं, हे मात्र त्यांना सांगता येत नाही.

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? आपल्या विद्यापीठांची नावं बघा. जळगावच्या विद्यापीठाला नाव कुणाचं? बहिणाबाई चौधरींचं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, ओव्या उतरवून घेतल्या त्या सोपानदेवांसारख्या घरच्या माणसांनी. अमरावतीच्या विद्यापीठाला नाव संत गाडगेबाबांचं. तेही निरक्षरच. म्हणजे ज्या प्रमाणपत्रावर या निरक्षर माणसांची नावं मोठ्या अक्षरांत छापलेली असतात, ते हातात द्यायला मात्र आपल्याला नावापुढे चार पदव्या नि दोन पदं असलेला माणूस लागतो. गाडगेबाबा आज असते आणि तुम्ही त्यांना बोलावलं असतंत, तर? सकाळीच खराटा घेऊन आले असते, आधी तुमचं आवार झाडून काढलं असतं, स्वच्छतागृहं कुठं आहेत ते विचारलं असतं आणि मग मुलांना प्रश्नांमागून प्रश्न विचारत बसले असते. कीर्तनात ते उपदेश कमी करायचे, विचारायचे जास्त, आणि उत्तर समोरच्या माणसांकडूनच वदवून घ्यायचे. शाल-श्रीफळाचं काय झालं असतं ते सांगायला नकोच.

कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावरान बियाणांची बँक उभी केली आणि २०२० च्या यादीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कृषी महाविद्यालयांनी त्यांना बोलावलं तर माझ्या मते उपकार राहीबाईंचेच होतील. पण एक अट. त्यांना बोलावून शालीत गुंडाळू नका आणि दोन मिनिटांचं ‘मनोगत’ घेऊन मागच्या खुर्चीत बसवू नका. मुख्य भाषण त्यांचंच ठेवा.

आता तो एकटा पाहुणा.

एका वर्षी ठरलेल्या साहेबांचा निरोप आदल्या संध्याकाळी आला, अधिवेशनामुळे जमत नाही. प्राचार्यांची धावपळ उडाली. शेवटी क्रीडाशिक्षकांनी एका माजी विद्यार्थ्याचं नाव सुचवलं, कारण तो स्टँडसमोरच राहायचा आणि त्याच्याकडे सूट होता. त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. आमच्याकडून भूगोलात पहिला वर्ग घेऊन बाहेर पडला, मग पुण्यात सदाशिव पेठेत सहा वर्षं एमपीएससीचा अभ्यास केला, आणि पद काही मिळालं नाही.

तो अकरा मिनिटं बोलला. वहीचा फाडलेला कागद हातात होता. म्हणाला, सर आणि बाईंनी मला बोलावलं, पण या बॅनरवर ‘यशस्वी उद्योजक’ लिहिलंय ते काही खरं नाही. मग त्यानं हिशोब मांडला. अभ्यासिकेचं भाडं, मेसचा डबा, खोलीतले चौघे, दर महिन्याला वडिलांनी कुठून पैसे पाठवले, त्यात कोणती म्हैस गेली. दोन वेळा मुख्य परीक्षेपर्यंत गेला, एकदा तीन गुणांनी हुकला. ‘पुढच्या वर्षी नक्की’ हे वाक्य घरी पाच वेळा सांगितलं. सहाव्या वर्षी बहिणीच्या लग्नात पाहुण्यांनी ‘हल्ली काय करतो?’ असं विचारलं आणि तो मांडवामागे जाऊन बसला. परत यायचं ठरवलं त्या रात्री त्यानं सगळी हॉलतिकिटं एका पिशवीत बांधली. ती पिशवी अजून दुकानाच्या माळ्यावर आहे.

शेवटी एकच गोष्ट सांगितली. पुण्याला जायचं तर जा, पण जाण्याआधी परत यायची तारीख ठरवा आणि ती आईला सांगून ठेवा. मी ठरवली नव्हती, म्हणाला, ती चूक माझी, तेवढी उचलू नका. हे सांगून तो बसला. टाळ्या लगेच वाजल्या नाहीत.

उपनिषदातलं ‘नो इतराणि’ त्या दिवशी मला पहिल्यांदा कानांनी ऐकू आलं, तेही ट्रॅक्टरच्या बेअरिंगांचा व्यापार करणाऱ्याच्या तोंडून. कार्यक्रम संपल्यावर मुलं सेल्फी काढायला आली नाहीत, त्याच्याभोवती उभी राहून खोलीभाडं विचारत होती. प्राचार्य मात्र नाराज होते. मुलांचं मनोधैर्य खचेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. पुढच्या वर्षी पुन्हा साहेब आले.

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. मोठा पाहुणा आला की वर्तमानपत्रात फोटो येतो, मूल्यांकनाच्या अहवालात एक ओळ वाढते, अडकलेली फाइल हलते, संस्थाचालक खूश होतात. हे सगळं खरं. त्यासाठी स्नेहसंमेलन आहे, इमारतीचं उद्घाटन आहे, वर्धापनदिन आहे. साहेबांना तिथं बोलवा, मी पाच पानांचा परिचय वाचून देईन. हा एक दिवस तेवढा सोडा. मुलं या दिवसाचे पैसे भरतात हो. पदवीच्या अर्जाचं शुल्क, गाऊनचं भाडं, वर फोटोग्राफरचे. अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजात २०१९ साली पाहुणे आलेल्या रॉबर्ट स्मिथ यांनी भाषणातच त्या वर्षीच्या सगळ्या मुलांचं, म्हणजे जवळपास चारशे जणांचं, शैक्षणिक कर्ज फेडायचं जाहीर केलं होतं. आपल्या पाहुण्यांकडून तेवढी अपेक्षा कुणी धरत नाही. वेळेवर यावं, एवढीच आहे.

पाहुणा ठरवताना मुलांना विचारा, हे माझं मुख्य मागणं. हार्वर्डमध्ये पदवीदानाच्या आदल्या दिवशी ‘क्लास डे’ असतो आणि त्याचा पाहुणा शेवटच्या वर्षाची मुलं ठरवतात. १९६८ च्या मुलांनी मार्टिन ल्यूथर किंग यांना बोलावलं होतं. ४ एप्रिलला किंग यांचा खून झाला. जूनमध्ये त्यांच्या जागी त्यांच्या पत्नी कोरेटा आल्या आणि बोलल्या. त्या मुलांना त्या वर्षी कुणाचं ऐकायचं होतं, हे प्राध्यापकांच्या समितीला सुचलं असतं का, मला शंका आहे. आपली मुलं पहिल्या फटक्यात एखाद्या रीलस्टारचं नाव घेतील, ही भीती मलाही आहे. घेऊ द्या. ‘त्यांना काय विचारणार?’ असं दुसऱ्या बैठकीत विचारा, नावं आपोआप बदलतात. वर्गात मी हे करून पाहिलं आहे. रीलस्टारवरून सुरुवात होऊन यादी शेवटी एका महिला तलाठ्यावर आणि गावातल्या पहिल्या वकील मुलीवर येऊन थांबली होती.

आणि ज्यांना बोलवाल त्यांना दोन महिने आधी कळवा. भाषण लिहून मागा, मराठीत, पंधरा मिनिटांचं. जुन्या काळी दीक्षान्त भाषणं छापून ठेवायचे, म्हणून तर आज ती वाचता येतात. लिहायला सांगितलं की निम्मे पाहुणे स्वतःहूनच नाही म्हणतील, तुमचं काम सोपं होईल. माजी विद्यार्थ्यांची वही उघडा. मुंबई विद्यापीठाच्या १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत न्या. रानडे आणि रा. गो. भांडारकर होते, आणि भांडारकर पुढे त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्या बाकावर ही मुलं बसली त्याच बाकावर बसून गेलेला माणूस समोर उभा राहिला की निम्मं भाषण त्याच्या उभं राहण्यातच होतं. परिचयाला चार वाक्यं पुरतात. पाहुण्यांचं स्वागत शालीऐवजी पुस्तकानं केलंत तर बरं, पण त्यावरून समितीत वाद घालू नका, तो वाद सहा महिने चालतो.

राहिला प्रश्न नावांचा. कोविडच्या वर्षी, ऑगस्ट २०२० मध्ये, मुंबईच्या आयआयटीनं संगणकावर समारंभ केला. प्रत्येक विद्यार्थ्याची एक आभासी प्रतिमा बनवली आणि प्रत्येकाला संचालकांच्या आभासी प्रतिमेच्या हातून पदवी दिली. पाहुणे होते नोबेलविजेते डंकन हाल्डेन. माणसं समोर नसताना त्यांनी एकेकाला बोलावलं. आपल्याकडे माणसं समोर बसलेली असतात, आईबाप मागच्या खुर्च्यांवर असतात आणि आपण त्यांना खिडकी दाखवतो. तेव्हा क्रम उलटा करा. आधी सगळ्या मुलांची नावं पुकारून पदव्या द्या, पाहुण्यांचं भाषण शेवटी ठेवा. पाहुण्यांना तोवर बसावं लागेल, हे निमंत्रणातच लिहा. ज्यांना बसायला वेळ नाही त्यांना बोलवायची गरज नाही.

सूत्रसंचालनाला कुणी मिळालं नाही तर मला कळवा. मानधन नको, एसटीचं तिकीट सवलतीत मिळतं. यादी मात्र चार दिवस आधी पाठवा. काही आडनावांचे उच्चार मुलांनाच फोन करून विचारून घ्यावे लागतात, आणि दोनशे ऐंशी नावं असली तर दोन संध्याकाळी त्यातच जातात.

आपली,
एक निवृत्त मराठीची प्राध्यापिका